घडीतलं ऊन

सोमवार, कोवळं ऊन

ताई,

महत्त्वाचं आधी लिहिते, कारण उन्हात घडी घातलेल्या या कागदात उजेड किती मावेल याचा भरवसा नाही. परत ये. शेजारची इमारत आपल्या गच्चीच्या वर गेली.

तू सामानाच्या लिफ्टमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलीस आणि खालचं बटण दाबलंस, तेव्हा शेजारी नुसता खड्डा होता आणि खड्ड्यात बेडकं होती. आता दुपार झाली की त्या इमारतीची सावली आपल्याकडं उतरते. आधी कठड्याजवळची तार खाते, मग मधल्या तारा. काल टाकीजवळच्या तारेपर्यंत पोचली. गवंडी म्हणाला, "अजून बरेच मजले चढवायचेत." मी म्हटलं, "जरा बाजूला चढवा की." तो हसला. त्याला वाटलं थट्टा करतेय.

गच्चीवर ऊन नाही तर घड्या नाहीत, आणि घड्या नाहीत तर तुझा परतीचा जिना अंधारात. लिफ्ट माणसाला खाली सोडते, पण तिची मोटार माणसाला वर ओढत नाही. जिन्याला तर वळणावळणाला एक घडी उघडावी लागते, नाहीतर पाऊल कुठं टाकायचं तेच कळत नाही. हे मला तूच सांगायचीस, भुताच्या गोष्टी सांगाव्यात तसं. मग चार घड्या बाजूला काढ आणि ये. तुझ्या हातातून रोज ढीगभर जातात, चार कमी झाल्या तर कोण बघायला येतंय?

बाकी लाँड्री नेहमीसारखी. जमिनीखालच्या काळोखातून ओल्या पिशव्या येतात, आम्ही वाळत घालतो, ऊन मुरलं की तारेखालीच उभं राहून घडी. उन्हाची बाजू आत. आई अजून रोज हे माझ्याकडून पाठ म्हणून घेते, जशी काही मी काल जन्मले. "सावलीत घडी घातलीस तर आत काय राहील?" "काही नाही." "आणि खाली कुणी ती उघडली की?" "अंधार." "आणि नीट घातलीस तर?" "चहा गाळून होईपर्यंत उजेड." एवढं झालं की मग खरा चहा.

आई मजेत आहे. मीही मजेत आहे. शिंपीकाका तुझी आठवण काढतात. तू परगावी नोकरीला आहेस असं आम्ही त्यांना सांगितलंय. ते म्हणतात, असली कसली नोकरी, पोरगी साधा फोन करत नाही.

आता बहुतेक उजेड संपला असेल. तू वाचतेस सावकाश, ओठ हलवत. म्हणून इथून पुढं खरं लिहिते. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, तसं समज.

आईचा गुडघा गेलाय. गच्चीवर चढताना मध्येच कठड्याला धरून थांबते, आणि मी बघितलं की म्हणते, "हवा खातेय." पिशव्या सगळ्या मीच वाहते. ती तुझं नाव घेत नाही, आणि मी घेतलं तर उठून जाते. तुमचं दोघींचं भांडण आणि मधल्या मध्ये माझं भरीत. कधीकधी तुमचा इतका राग येतो की वाटतं लिफ्टचा दोरच कापून टाकावा.

तुझं शेपूट

गुरुवार, कडक ऊन

ताई,

आज मी पाण्याच्या टाकीवर चढून बसलेय. सावली इथं सगळ्यात शेवटी येते. त्यामुळे हे पत्र तुला जरा जास्त पुरेल.

तुझं उत्तर येत नाही याचं मला काही वाटत नाही. खाली कुणी लिहीतच नाही म्हणे. लिहिलं तरी वाचायला उजेड कोण खर्च करणार? पण तुझी खबर मला रोज लागते. सगळं जग ओला कपडा उजवीकडं पिळतं, तू डावखुरी, तू डावीकडं पिळतेस. रोज एक पिशवी अशी येते की तिच्यातल्या एकूण एक चादरींचा पीळ उलटा. तो दिसला की मी म्हणते, चला, बाई जिवंत आहे आणि अजून तशीच हट्टी आहे.

गंमत म्हणजे ती पिशवी आई मला सोडवू देत नाही. "ती इकडं दे," म्हणते. का विचारलं तर म्हणते, "तू कापड ताणतेस." बाकीच्या पिशव्यांतलं ताणलं तर चालतं वाटतं!

मी खाली कधी आले नाही, पण कपड्यांवरून मला तुमचं बरंच ठाऊक आहे. बाह्यांना बारीक घुंगरं असतात, अंधारात एकमेकांवर आपटायला नको म्हणून. लहान मुलांच्या सदऱ्याला पाठीवर कापडी कडं असतं, धरून चालायला. रंग एकाही कपड्याला नाही, पण वीण प्रत्येक घराची वेगळी. कुणाची खडबडीत, कुणाची उभ्या रेघांची, कुणाची मधाच्या पोळ्यासारखी. डोळे मिटून हात फिरवला की घर ओळखता येतं. एकदा एका खिशात पांढरा, बिनडोळ्यांचा किडा निघाला. मी त्याला कौतुकानं उन्हात ठेवला, तर तो धावत माझ्याच चपलेखाली. शेवटी परत खिशात घालून पाठवून दिला. पोचला का?

त्या दिवशी तू म्हणालीस, "जन्मभर ऊन पाठवायचं, आणि ते कुणाच्या तोंडावर पडतं ते एकदासुद्धा बघायचं नाही?" आई म्हणाली, "कपडे जातात. माणसं जात नाहीत." तू म्हणालीस, "का?" त्यावर का ते न सांगता आई म्हणाली, "गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस." तूही अशी शहाणी की थेट काळोखात जाऊन बसलीस, म्हणजे कुणाला तोंड दाखवायचा प्रश्नच नको. बघून झालं असेल ना आता? मग ये. आईला तू हवी आहेस. ती म्हणणार नाही, पण हवी आहेस.

गेला उजेड? बरं झालं.

काचशाळेचं पत्र आलंय. मी अर्ज केलाय हे तुला माहीत नाही, आईलाही नाही. लांब आहे, रात्रभराचा प्रवास. तिथं काच वितळवून नळीनं फुंकायला शिकवतात. दिवे, भिंगं, बरण्या, सगळं. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आईला एकटीला या गच्चीवर सोडून मी जाऊ शकत नाही. मी दर पत्रात लिहिते ना, आईला तू हवी आहेस म्हणून? ते खोटं नाही. पण त्याच्या खाली दुसरं आहे. तू आलीस की मी सुटेन.

तुझं शेपूट

शनिवार, ऊन नाही

ताई,

आठवडाभर आभाळ गच्च भरलंय. ओल्या पिशव्या खोलीत थप्पी लावून ठेवल्यात आणि घरभर कुबट वास सुटलाय. आधीचे वाळलेले थोडे कपडे आहेत, ते पुरवून पुरवून पाठवतोय. खालून घंटी वाजवणारा जो कोण आहे, त्याला मी घंटोबा म्हणते. त्याला अजिबात दम नाही. सकाळपासून ठणठणतोय.

परवा वैतागून मी आईला म्हटलं, "इस्त्री मारून देऊन टाकू का? निदान गरम तरी लागतील."

आईनं माझं मनगट धरलं. "गरम म्हणजे ऊन नव्हे."

"एखाद्या दिवशी काय होतंय?"

"खाली बाळ झालं की चादर उघडतात," ती म्हणाली. "आईला मुलाचं तोंड दिसावं म्हणून. माणूस गेला की एक उघडतात. मधलं सगळं आयुष्य हातानंच ओळखायचं. तू इस्त्री मारून पाठवशील, आणि इतके महिने वाट बघितलेली बाई अंधारात बाळ घेऊन बसून राहील."

"तुला कसं माहीत?"

"माहीत आहे." आणि इस्त्री उचलून तिनं कपाटाच्या डोक्यावर ठेवली.

मी चादरींना हात लावला नाही, शप्पथ. पण पत्रं माझी स्वतःची आहेत. मी स्टुलावर चढून इस्त्री काढली आणि कालचं नि परवाचं पत्र गरम करून, घडी घालून, उशीच्या अभ्र्यात सरकवलं. हेही तसंच येईल. उघडलंस तर काही दिसणार नाही, पण हाताला ऊब लागेल, मी लिहिलंय एवढं कळेल. खाडा पडू नये एवढ्यासाठी.

म्हणजे हे पत्र तुला वाचता येणारच नाही. मग सुरुवातीपासूनच खरं लिहायला काय हरकत आहे?

माझा पाय घरात ठरत नाही. उगाच गच्चीवर जाते, आभाळ बघते, खाली येते, परत जाते. काल बॅग भरली आणि रिकामी केली. आईनं विचारलं, "काय शोधतेस?" म्हटलं, "मोजा." तिनं कपाटातून दुसरा मोजा काढून दिला. आता माझ्याकडं मोज्यांचा एक जोड जास्त झालाय, आणि सांगायला तोंड नाही.

आपल्या घरातून एकीलाच जाता येतं, आणि ती जागा तू घेतलीस. आधी तू गेलीस, मग बाबा कायमचे गेले, आणि उरलं कोण? मी. मी हुशार म्हणून नव्हे, चांगली म्हणून नव्हे, शेवटी उरले म्हणून. तू येऊ नयेस असंही कधी वाटतं. तू आलीस आणि आईनं तुला जवळ घेतलं, तर मी निघाल्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि तू नाही आलीस, तर मी तारेला चिमट्यानं लावल्यासारखी इथंच. दोन्हींतलं कुठलंच मला नको आहे.

तुझं शेपूट

मंगळवार, ढगांच्या फटीतून

ताई,

घाईत लिहितेय. ऊन आलंय, टिकेल असं दिसत नाही.

तुझा पीळ कुठं आहे? काल आलेल्या पिशव्यांत सगळ्या चादरी उजव्या पिळाच्या. आजच्याही उजव्या. मी एकेक काढून बघितली, अभ्रे बघितले, पोरांचे लंगोटसुद्धा बघितले. आजारी आहेस का? हात दुखावला? घंटी वाजवून विचारायचा प्रयत्न केला, पण घंटीनं काय विचारता येतं? घंटोबा उलट ठणठणला, माल पाठवा, माल पाठवा.

एक रुमाल डावीकडं पिळ. बाकी काही नको.

आईनं विचारलं, "ती पिशवी?" मी म्हटलं, "आज आली नाही." नंतर बघितलं तर ती खोलीत बसून प्रत्येक चादर हातात घेत होती, पिळावरून बोट फिरवत होती आणि बाजूला ठेवत होती. सावली टाकीच्या शिडीपर्यंत आलीय.

शेपूट

बुधवार, टाकीवरचा शेवटचा तुकडा

ताई,

हे पत्र लिफ्टनं येणार नाही. मी स्वतः घेऊन येतेय. चादरींत ऊन मुरेपर्यंत थांबायचंय आणि मला नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितेय.

सकाळी मी आईसमोर रडले. म्हटलं, ताई मेली असेल आणि आपण इथं चिमटे लावत बसलोय.

आई म्हणाली, "मेली नाही. जिन्यात आहे."

"कशावरून?"

"आजारी असती तर एखादा तरी कपडा पिळलाच असता. ती कशी आहे माहीत नाही का तुला? सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. एकही नाही, म्हणजे तिनं काम दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं आणि निघाली."

"पण तुला काय माहीत, तिथं कसं असतं ते?"

मग तिनं सांगितलं. ताई, आई तिथली आहे. ती या घरात लग्न होऊन आली एवढंच आपल्याला माहीत होतं, कुठून ते आपण कधी विचारलंच नाही. ती जिन्यानं आली. तुझ्याएवढी होती. तुला बघायचं होतं ऊन पडतं कुठं, तिला बघायचं होतं येतं कुठून.

"चार दिवसांत परत येते म्हणून आईला सांगून निघाले होते," ती म्हणाली. "इथं आले, आणि बघत राहिले. मग तुझे बाबा भेटले. मग तुम्ही. माझी आई घुंगरू लावलेला सदरा दर आठवड्याला वर पाठवायची, रिकामा. मी वाळवून परत पाठवायचे. एका आठवड्यात आला नाही." मग म्हणाली, "म्हणून म्हटलं, माणसं जात नाहीत. गेलेलं माणूस परत येत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मीच होते ना ते माणूस."

मी विचारलं, "पण जिन्यासाठी ताईकडं घड्या कुठून? लोकांच्या चादरी ती चोरायची नाही."

"तिच्या स्वतःच्या मालकीचं तिथं काय आहे? तुझी पत्रं. ती तिनं उघडलीच नसणार. साठवली असणार."

मी आनंदानं उडीच मारणार होते. एवढी पत्रं! अख्खा जिना उजळून निघेल. आणि मग कपाटाच्या डोक्यावरची इस्त्री दिसली.

तीन पत्रं, ताई. लागोपाठची, आणि अगदी शेवटची. मंगळवारचं पत्र पोचलं तेव्हा तू निघालेली असणार. तू वळणावर उभी राहशील, पत्र उघडशील, काही नाही. दुसरं उघडशील, काही नाही. आईनं सांगितलंय की वरच्या वळणांवर कठडा तुटलेला आहे.

मी आईला सांगितलं. वाटलं होतं मारेल. तिनं आपल्याच अंथरुणावरच्या चादरी काढल्या. घरातल्या चादरी खाली पाठवायच्या नाहीत हा नियम तिचाच, तो तिनंच मोडला. गुडघा धरून टाकीवर चढली, पहिल्यांदा माझा हात धरून, आणि आम्ही दोघींनी त्या उरलेल्या उन्हात चादरी धरून ठेवल्या, ऊन सरकेल तशा सरकत. इस्त्रीच्या टेबलामागच्या ट्रंका तिनं आधीच ओढून ठेवल्यात. त्यांच्यामागं जिन्याचं दार आहे हे मला माहीत होतं, पण ते उघडतं असं मला वाटलं नव्हतं.

हलू नकोस. आहेस तिथं बसून राहा. मी येतेय.

रविवार, भर दिवसा, गच्ची

ताई,

तू खाली पलंगावर आहेस, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून, आणि आई तुला विचारतेय की भूक लागली का. दर थोड्या वेळानं विचारतेय. तरी मी पत्र लिहितेय, कारण तोंडानं सांगायला गेले की मी हवापाण्यावरच बोलत राहते.

मला तो जिना विसरता येणार नाही. जिना कसला, दगडाच्या पोटातून कुणीतरी वेडंवाकडं कोरत नेलेलं बीळ ते. चादर उघडली की भिंतींवर पाणी चमकायचं आणि खोल खाली, तुटलेल्या कठड्यापलीकडं, घुंगरांचे आवाज यायचे, शेकडो, बाजार भरल्यासारखे. एवढी माणसं आपल्या पायाखाली राहतात आणि मी वर बसून त्यांच्या बाह्या उलट्या करत होते. चादर विझली की आवाज तेवढे राहायचे. मी तुला हाका मारत उतरत होते, आणि तुझं उत्तर आलं ते असं: "इस्त्रीवाल्या बाई, इकडं!"

तू पायरीवर बसली होतीस, भिंतीला पाठ लावून, पाय आखडून. मी बुधवारचं पत्र उघडलं, वाचायला नव्हे, तुझं तोंड बघायला. केवढी पांढरी झालीस तू. आणि पहिलं काय म्हणालीस, तर, "एक उघडलं, आंधळं. दुसरं उघडलं, आंधळं. तिसऱ्याला करपट वास आला, तेव्हा म्हटलं, ही आपलीच." मी रडत होते आणि हसतही होते, आणि तू म्हणालीस उजेड वाया घालवू नकोस, चल.

चढताना तू सांगितलंस का निघालीस ते. पत्रं वाचून नव्हे, ती तर बांधूनच ठेवली होतीस. खाली घड्या लवकर विझायला लागल्या. एका बाईला आपल्या बाळाचं अर्धंच तोंड दिसलं, आणि ती दिवसभर सगळ्यांना विचारत राहिली, दुसरा गाल कसा आहे. तेव्हा तू ठरवलंस की वर काय झालंय ते बघायलाच हवं. मग वळणावळणाला माझं एकेक पत्र उघडलंस, वाचलंस, आणि दगडाखाली खूण म्हणून ठेवून आलीस.

दारात आई उभी होती. तिनं तुझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळ, भुवया, नाक, दोन्ही गाल, खाली ओळखतात तसा. तू डोळे घट्ट मिटून म्हणालीस, "तोंड दाखवू नकोस म्हणाली होतीस." आई म्हणाली, "मग मी कुठं बघतेय." आणि तिनं डोळे मिटलेलेच ठेवले, आणि तुम्ही दोघी तशाच उभ्या राहिलात. मी चादरी सोडवायला खाली बसले. मला वाटलं होतं, त्या क्षणी मला हेवा वाटेल. थोडा वाटला.

गच्चीची बातमी आता तुला सांगायला हवी. दुपारचं ऊन पुरतं गेलं. पण काल सावलीच्या उलट बाजूला, समोरच्या इमारतीला काचा बसवल्या, आणि चारच्या सुमाराला, आपल्याकडं ऊन असायचं काही कारण नसताना, मधल्या तारेवर उन्हाचा चौकोन पडला. तिकडच्या काचेवरून उलटलेलं ऊन. आई म्हणाली, "परतीचं ऊन घडीत राहतं का?" मी म्हटलं, "बघू." एक रुमाल धरला, घडी घातली, ट्रंकांच्या खोलीत जाऊन दार लावून उघडला. फिकट होतं, पण होतं. आईनं माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "दोन्ही गाल दिसतात." आज आम्ही खाली पहिली पिशवी पाठवली, आणि घंटोबानं एवढी घंटी बडवली की शिंपीकाका आग लागली समजून बाहेर आले.

आता मूळ मुद्दा. काल तू विचारलंस, "तुझ्या सगळ्या पत्रांचे शेवट राहिले गं. दर वेळी तिथंच उजेड जायचा. काय लिहायचीस शेवटी?" मी म्हटलं, "काही नाही. हवापाणी."

आंधळी पत्रं तेवढी तू बरोबर आणलीस. ती तुझ्या उशाशी आहेत, आणि उद्या तुझी पट्टी निघेल. काल तू झोपलीस तेव्हा मी ती काढून घ्यायला आले होते. तुझा हात त्यांच्यावर होता, आणि हात होता म्हणून नव्हे, पण मी परत गेले. तू त्यांत वाचण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

तर शेवट असा आहे. मला जायचंय. काचशाळेत जागा मिळालीय, पुढच्या आठवड्यात हजर व्हायचंय. मी तुला बोलावत होते ते आईसाठी, आणि माझ्या सुटकेसाठी, आणि दुसरं कारण पहिल्यापेक्षा लहान नव्हतं. तू अंधारात पाय आखडून बसलीस ती माझ्या इस्त्रीमुळं, आणि तुला घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तोवर मी तुझ्या हातात चिमटे देऊन निघायचं म्हणतेय. वर आईनं सांगितलेलं मी ऐकलंय, गेलेलं माणूस परत येत नाही. मला भीती वाटते की तिचं खरं असेल. तू आलीस, हे मी सारखं स्वतःला सांगते. आणि तरी मला जायचंय. तू नको म्हणालीस तर मी थांबेन, पण मग माझ्याशी गोड बोलायची अपेक्षा ठेवू नकोस.

या पत्राची मी घडी घातलेली नाही. उघडंच तुझ्या उशाशी ठेवतेय. उजेड संपायचा प्रश्न नाही, सावकाश वाच, ओठ हलवत.

तुझं शेपूट

*(याच कागदावर खाली, डावीकडं कललेल्या अक्षरांत)*

वाचलं. पडदा ओढून, एक डोळा उघडून, शेवटपर्यंत.

आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, महिन्याला एक सदरा पाठवायचा, मळलेला. रिकामा नको. त्याच्या खिशात काहीतरी हवं. आणि पहिल्या सुट्टीत तो अंगात घालून यायचं.

तुझी बॅग मी भरते. घडी तुला आजही येत नाही.

इस्त्री तेवढी घेऊन जा. इथं नको.